‘तिथं तुम्ही काय करत होतात?’ : निर्वासित व्यावसायिक स्त्रिया आणि मानसिक आधार



पत्रिकेवर विषय बराच मोठा छापलाय. जगभरच्या निर्वासित स्त्रिया, त्यांचं मानसिक आरोग्य, त्यांचं पुनर्वसन. एवढं सगळं तासाभरात सांगायला गेले तर कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून आज एकाच गोष्टीबद्दल बोलते. डॉक्टर, न्यायाधीश, प्राध्यापक, पत्रकार अशा बायकांना देश सोडावा लागतो तेव्हा घर जातं, माणसं दुरावतात आणि त्यांचं कामही जातं. पण काम जाणं हे आपण दुःखात धरतच नाही. त्याला ‘रोजगाराचा प्रश्न’ म्हणतो आणि दुसऱ्या खिडकीवर पाठवून देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन खिडक्या वेगळ्या ठेवल्या की मानसिक आधार अर्धाच राहतो.

उदाहरण म्हणून अफगाणिस्तानातल्या स्त्री न्यायाधीश घेऊ. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती गेलं, त्या वेळी तिथं अडीचशेहून अधिक स्त्रिया न्यायाधीश होत्या. घटस्फोट, मुलांचा ताबा, मारहाण, खून, दहशतवाद असे सगळ्या तऱ्हेचे खटले त्या चालवत. स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध २००९ साली तिथं वेगळा कायदा आला होता, तो कागदावरून प्रत्यक्षात आणण्यात या बायकांचा मोठा वाटा होता. हे काम सुरक्षित कधीच नव्हतं. त्याच वर्षी, १७ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयात काम करणाऱ्या दोन स्त्री न्यायाधीशांना कामावर जाताना काबूलमध्ये गोळ्या घालून मारलं होतं. ऑगस्टमध्ये तुरुंगांची दारं उघडली गेली. ज्यांना या बायकांनी शिक्षा सुनावली होती ती माणसं बाहेर आली, आणि धमक्यांचे फोन सुरू झाले.

स्त्री न्यायाधीशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपल्या या सहकाऱ्यांना बाहेर काढण्यासाठी रात्रीचा दिवस केला. ब्रिटनमधल्या वकील हेलेना केनेडी यांच्या पुढाकारानं विमानं ठरवून शंभराच्या वर स्त्रियांना कुटुंबासकट अथेन्सला आणलं गेलं. तिथून कुणी ब्रिटनला, कुणी कॅनडाला, कुणी आणखी कुठे.

बातम्या इथं थांबल्या. आपला विषय इथून सुरू होतो.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. ही कुणी एक खरी व्यक्ती नाही, समजायला सोपं जावं म्हणून उभी करतेय. काबूलमध्ये बारा-तेरा वर्षं न्यायाधीश. आता एका युरोपीय शहरात दोन खोल्यांच्या घरात नवरा, तीन मुलं आणि सासू. ती समुपदेशन केंद्रात जाते. तिथली ताई मायाळू आहे. विचारते, काय काय सोसलंत, झोप लागते का, भीतीची स्वप्नं पडतात का. ही उत्तरं देते, तक्ता भरला जातो. मग शेजारच्या खोलीत रोजगाराचा सल्ला. तिथं विचारतात, शिवणकाम येतं का? मुलं सांभाळण्याचा अनुभव आहे का? दोन्ही खोल्यांत माणसं चांगलीच आहेत. पण ‘तिथं तुम्ही काय करत होतात?’ हा प्रश्न नीट, उत्तर ऐकायची तयारी ठेवून, दोन्हीकडे कुणी विचारला नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, शिकलेली बाई आहे, तिचं कसंही निभेल. खरी अडचण अडाणी, गरीब बाईची. मलाही एके काळी असंच वाटायचं. आकडे मात्र वेगळं सांगतात. मॅथ्यू पोर्टर आणि निक हॅस्लम या दोघांनी २००५ साली जगभरातले ५६ अभ्यास एकत्र करून तपासले. सगळी मिळून सदुसष्ट हजारांहून अधिक माणसं. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, पळून आल्यानंतर कुठल्या परिस्थितीत राहावं लागतं यावर मनाची अवस्था बरीच अवलंबून असते. संस्थेच्या निवाऱ्यात कोंबलेली, कमाईची वाट बंद झालेली माणसं जास्त खचलेली होती. दुसरी गोष्ट आपल्या कामाची. निर्वासितांमध्ये स्त्रियांची, वयानं मोठ्या असलेल्यांची, जास्त शिकलेल्यांची आणि आधी समाजात वरच्या पायरीवर असलेल्यांची अवस्था अधिक वाईट होती.

याचा अर्थ गरीब बाईला त्रास कमी असतो असा नाही हं, तसं घेऊ नका. पण शिक्षण हे चिलखत आहे या समजुतीला मात्र इथं तडा जातो. जिनं जास्त उभारलं होतं तिचं जास्त कोसळलं.

असं का होतं, हे समजावून सांगणारी एक बाई आहे आणि गंमत म्हणजे ती स्वतःच निर्वासित होती. मारी याहोडा. जन्म १९०७, व्हिएन्ना, ज्यू कुटुंब. मानसशास्त्र शिकली. व्हिएन्नाजवळ मारियेनटाल नावाचं एक गाव होतं, कापडगिरणीवर जगणारं. गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. तिथं काय घडतं ते याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी बारकाईनं पाहिलं आणि १९३३ साली पुस्तक लिहिलं. आपल्याला वाटेल, रिकामा वेळ मिळाला म्हणजे माणसं वाचतील, सभांना जातील. झालं उलटं. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेणारे कमी झाले. पुरुष रस्त्यानं हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. दिवसभरात काय केलंत असं विचारलं तर सांगता येईना. (बायका तशा रेंगाळत नव्हत्या. घरकाम काही बंद पडलं नव्हतं!)

पुढे याहोडानं यातून एक विचार मांडला. नोकरी पैसे देते हे उघड आहे. पण न मागता आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला आकार देते. घराबाहेरच्या माणसांशी संबंध ठेवते. आपल्याहून मोठ्या कशात तरी आपला हात आहे असं वाटायला लावते. समाजात एक ओळख देते. आणि हातापायाला, डोक्याला रोज कामाला लावते. आता आपली ती काबूलची न्यायाधीश आठवा. सरकारी मदतीतून तिचं घरभाडं भागतंय, किराणा भरला जातोय. पैशाची बाजू कशीबशी सांभाळली गेली. बाकीच्या पाचांचं काय?

याहोडाचं पुढचं आयुष्यही सांगायला हवं. समाजवादी चळवळीत गुप्तपणे काम केल्याबद्दल १९३६ मध्ये तिला ऑस्ट्रियाच्या हुकूमशाही सरकारनं तुरुंगात टाकलं. देश सोडायच्या अटीवर १९३७ मध्ये सोडलं. ती इंग्लंडला आली, लहान मुलगी वडिलांबरोबर अमेरिकेत. मायलेकी एका देशात यायला १९४५ साल उजाडलं. इंग्लंडमध्ये तिनं वेल्समधल्या बेकार खाणकामगारांसाठी चाललेल्या एका योजनेचा अभ्यास केला. योजना अशी की बेकारांनी एकत्र येऊन स्वतःच्या गरजेच्या वस्तू बनवायच्या, विकायच्या नाहीत. हेतू उदात्त होता. याहोडाचा निष्कर्ष मात्र अवघड निघाला. हातांना काम मिळालं म्हणजे नोकरीची जागा भरून निघाली असं होत नाही.

मधल्या काळात हिटलरनं ऑस्ट्रिया घेतला होता. याहोडाच्या घरच्यांना व्हिएन्नातून सुखरूप बाहेर काढायला ज्या गृहस्थानं मदत केली, तोच या योजनेचा चालक होता. अहवाल वाचून त्याला फार लागलं. आणि याहोडानं तो अहवाल छापलाच नाही. तो प्रसिद्ध झाला १९८७ साली, जवळजवळ पन्नास वर्षांनी.

ही गोष्ट मला राहून राहून आठवते. केवढी हुशार, ताठ कण्याची बाई. तुरुंगात गेली तरी वाकली नाही. पण उपकाराखाली गप्प बसली. निर्वासित माणसावर हे ओझं कायम असतं. ‘तुम्ही आम्हाला जीव दिलात, आता तुमच्या शिवणवर्गात मला गुदमरल्यासारखं होतंय हे कोणत्या तोंडानं सांगू?’ समुपदेशकानं हे वाक्य न बोललेलं ऐकायला शिकलं पाहिजे.

सगळ्या पेशांचं दुःख सारखं नसतं, हेही लक्षात घ्या. डॉक्टरचं ज्ञान तिच्याबरोबर येतं. काबूलमधलं हृदय आणि लंडनमधलं हृदय एकच. अडतो तो परवाना : परीक्षा, इंग्रजी, नोंदणी. न्यायाधीशाचं तसं नाही. तिचं ज्ञानच त्या देशाच्या कायद्याला बांधलेलं. सीमा ओलांडली की तेरा वर्षांचा अनुभव एका दिवसात निरुपयोगी. पत्रकाराची, लेखिकेची भाषाच मागे राहते. डॉक्टरला ‘धीर धर, अजून एक परीक्षा’ असं म्हणता येतं. न्यायाधीशाला तसं म्हणणं म्हणजे खोटी आशा दाखवणं. तिला आधी शोक करू द्यावा लागतो.

आणि हा शोक विचित्र असतो. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करत होत्या. मृतदेह नाही, बातमी नाही, म्हणून रडताही येत नाही आणि वाट पाहणंही सुटत नाही. याला आपण मराठीत संदिग्ध वियोग म्हणू. निर्वासित बाईचं पद असंच असतं. ती न्यायाधीश आहे की होती? अर्जावर कोणता काळ लिहायचा? राजीनामा दिला नाही, निवृत्त झाली नाही, निरोपसमारंभ झाला नाही.

त्यात आणखी एक ताण, तो बाहेरून दिसत नाही. आश्रयाच्या अर्जासाठी तिला आपली जखम पुन्हापुन्हा उघडी करून दाखवावी लागते. तारखा चुकल्या तर संशय. त्याच आठवड्यात नोकरीच्या मुलाखतीत मात्र आपण खंबीर आहोत, काही झालेलं नाही, असं दाखवायचं. सकाळी पीडित, दुपारी कर्तबगार. न्यायाधीशाला तर हे जास्तच झोंबतं, कारण आयुष्यभर साक्ष तपासणारी ती, आणि आता तिचीच साक्ष तपासली जातेय.

बरं, मग आधार द्यायचा कसा?

पहिलं, घाईनं सगळं बोलून टाकायला लावू नका. मोठ्या संकटानंतर एकाच बैठकीत सगळं ओकून टाकायला लावायची एक पद्धत होती. तिचा फायदा अभ्यासांत दिसला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नका म्हणते. बाईला बोलायचं तेव्हा ती बोलेल.

दुसरं, तिची भाषा. केनेथ मिलर आणि त्यांच्या अफगाण सहकाऱ्यांनी काबूलमध्ये लोक मनाचं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात ते गोळा केलं. दोन शब्द ठळक निघाले. एक ‘जिगर खून’. मराठी माणसाला हा समजावून सांगायला नको, दोन्ही शब्द फारसीतून आपल्याकडेही आलेत. जवळचं माणूस गेल्यावर किंवा मोठा घाव बसल्यावर काळजाची जी अवस्था होते ती. दुसरा ‘फिशार’, म्हणजे दाब. आत काहीतरी दाटून आलंय, फुटेल असं वाटणं. आपण नाही का म्हणत, ‘माझं बीपी वाढवू नकोस’, तसंच काहीसं. आता ती बाई ‘फिशार’ म्हणाली आणि दुभाष्यानं ‘रक्तदाब’ असं भाषांतर केलं, तर तिला गोळी मिळेल आणि प्रश्न तसाच राहील. दुभाषी म्हणून स्वतःच्या मुलीला बसवू नये, हे तर सांगायलाच नको. तरीही सर्रास बसवतात. आईनं काय सोसलं ते बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून वदवून घ्यायचं, हा अन्याय दोघींवर आहे. आणि समाज छोटा असतो, दुभाषी ओळखीचा निघतो, मग बाई तोंड मिटते.

तिसरं, प्रत्येकीला मानसोपचारतज्ज्ञ हवाच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सेल्फ-हेल्प प्लस’ नावाचा एक साधा कार्यक्रम आहे. पाच बैठका, वीस-तीस बायकांचा गट, ध्वनिमुद्रित सूचना आणि चित्रांचं पुस्तक. चालवणाऱ्या व्यक्तीला थोडं प्रशिक्षण पुरतं. युगांडातल्या राइनो छावणीत दक्षिण सुदानच्या ६९४ निर्वासित स्त्रियांबरोबर त्याची चाचणी झाली, २०२० मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर या बायकांचा मानसिक ताण तुलनेच्या गटापेक्षा कमी होता. ही चांगली बातमी आहे. पण मर्यादा ओळखू या. ताण सोसायला हा कार्यक्रम मदत करतो. ताण जिथून येतो ते दार तो उघडत नाही.

दार उघडणारे उपक्रम वेगळे. इंग्लंडमध्ये सॅलफर्ड इथं ‘रीच नॉर्थ वेस्ट’ हा उपक्रम निर्वासित डॉक्टर-नर्सना रुग्णालयात लागणारं इंग्रजी शिकवतो, नोंदणीच्या परीक्षांची तयारी करून घेतो, तिथल्या रुग्णालयाची रीत समजावून देतो. त्याच्या पाटीवर मानसिक आरोग्य हा शब्द नाही. पण याहोडाची पाच बोटं मोजून बघा : सकाळी उठायला कारण, बरोबरीची माणसं, ध्येय, ‘डॉक्टर’ म्हणून हाक आणि डोक्याला काम. डेरिक सिलोव्ह या ऑस्ट्रेलियन मनोवैद्यकानं निर्वासितांचं मन सावरायला पाच खांब सांगितले. सुरक्षितता, नातीगोती, न्याय, भूमिका आणि ओळख, जगण्याचा अर्थ. आपली बरीचशी मदत पहिल्या दोन खांबांपाशी संपते.

इथं एक इशारा देते, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. नैराश्य हा आजार आहे. बाई आठवडेच्या आठवडे उठत नाही, खात नाही, मरणाचं बोलते, तर तिला ‘काम मिळालं की होशील बरी’ असं सांगणं घातक आहे. तिला डॉक्टर हवा, कदाचित औषधं हवीत, आणि तेही आजच.

आता आपल्याकडे. भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा राष्ट्रीय कायदाही नाही. दिल्लीत लाजपतनगर, भोगल या भागांत अफगाण कुटुंबं राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड असतं, पण त्यावर रीतसर नोकरी मिळणं कठीण. वकिलीचं तर दारच बंद. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याचं कलम २४ भारतीय नागरिकत्व मागतं. परक्या नागरिकाला वाट आहे ती फक्त त्याच्या देशात भारतीयांना तशी मुभा असेल तर. समजा, एखादी अफगाण डॉक्टर दिल्लीच्या रुग्णालयात दुभाषी म्हणून उभी आहे. समोरचा रुग्ण काय सांगतोय, त्याचं निदान काय असावं, हे तिला कळतंय. तिचं काम मात्र फक्त शब्द इकडून तिकडे करायचं. ही नोकरी आहे, पैसेही आहेत. जिगर खून कसा होतो ते यावरून कळेल.

आणि पुण्यात? अफगाण विद्यार्थी आपल्याकडे वर्षानुवर्षं शिकायला येतात. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं मुलींना विद्यापीठांची दारं बंद केली, डिसेंबर २०२४ मध्ये सुईणी आणि परिचारिकांचं शिक्षणही. इथून पदवी घेणाऱ्या मुलीला परत जाऊन ती वापरायची सोय उरली नाही. ती छावणीत राहत नाही, आपल्या शेजारच्या इमारतीत राहते, म्हणून ती आपल्याला निर्वासित वाटत नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तिथं त्यांच्या शाळा होत्या, पोलिश भाषेत चालणाऱ्या. म्हणजे पोलंडमधली शिक्षिका वळिवड्यातही शिक्षिकाच राहू शकत होती. त्यांची दुःखं त्यामुळे संपली असं मी म्हणणार नाही. पण सकाळी घंटा झाली की वर्गावर जायचं, एवढं तरी त्यांच्या हातात होतं.

[व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून]

प्रश्न : शिवणकाम, स्वयंपाक यांना तुम्ही कमी लेखता आहात का? कष्टाचं कोणतंही काम मोठंच.

उत्तर : कष्टाचं काम मोठंच, वादच नाही. आणि जिला शिवणकाम आवडतं, जी त्यातून स्वतःचा व्यवसाय उभा करते, तिच्यासाठी ती ओळखच आहे. माझा आक्षेप न विचारता ठरवण्याला आहे. निर्वासित पुरुष न्यायाधीशाला पहिल्याच दिवशी ‘शिवता येतं का’ असं आपण विचारू का? आणखी एक. पोटासाठी आज मिळेल ते काम करायची या बायकांची तयारी असतेच. प्रश्न एवढाच की त्या कामाच्या पुढे काही वाट आहे, की तिथंच सगळं संपलंय? परीक्षेची फी, अभ्यासाच्या वेळात मुलं सांभाळायला कुणीतरी, प्रमाणपत्रांची भाषांतरं, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : नवऱ्यांचं काय?

उत्तर : चांगला प्रश्न. बऱ्याचदा बाईला आधी काम मिळतं, त्याला मिळत नाही, आणि घरातली घडी विस्कटते. तोही मारियेनटालमधल्या पुरुषासारखा रस्त्यात थांबत थांबत चालत असतो. त्याला वगळून तिला आधार देता येत नाही. मात्र दोघांना एकाच बैठकीत बसवायच्या आधी तिला एकटीला भेटा. घरात मारहाण आहे का, ते तेव्हाच कळतं.

प्रश्न : आमच्यासारख्या सामान्य माणसांनी काय करावं? आमच्या सोसायटीत दोन अफगाण मुली भाड्यानं राहतात.

उत्तर : चहाला बोलवा. काय भोगलं ते विचारू नका, काय शिकतात ते विचारा. एखादी कायदा शिकत असेल आणि तुमच्या ओळखीचे वकील असतील, तर तिला त्यांच्या कार्यालयात चार दिवस बसू द्या, खटल्याची कागदपत्रं वाचू द्या. ‘वकील’ हा शब्द तिच्याही भाषेत वकीलच आहे. संभाषणाला तेवढ्यानं सुरुवात होईल. आणि घरमालक भाडेकरार वाढवायला कां-कूं करत असेल, तर सोसायटीच्या बैठकीत तुम्ही बोला. तिची या महिन्याची झोप बहुधा त्यावरच अवलंबून असेल.